स्टॅफर्डशायरचा जुना नेपच्यून: पारखायचा कसा, पुसायचा कसा, जोडायचा कसा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात, विशेषतः बर्स्लेम आणि हॅन्ली या गावांत, मातीच्या रंगीत मूर्तींचा मोठा धंदा उभा राहिला. हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ साली आणि पॉम्पेईचं १७४८ साली सुरू झालं, तेव्हापासून तिकडे ग्रीक-रोमन देवादिकांची हौस वाढत गेली होती. उमरावांनी संगमरवरी पुतळे आणवले. बर्स्लेमच्या कुंभारांनी तेच देव वीत-सव्वा वीत उंचीचे करून, चौकोनी चौथऱ्यावर उभे करून साध्या घरांपर्यंत पोचवले.

असे पीस मुंबईत अजून भेटतात. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर भेटतात, जुन्या बंगल्यातलं सामान निघतं तेव्हा भेटतात, कुणाच्या आजेसासऱ्यांच्या शोकेसमध्ये तर पिढ्यान् पिढ्या बसलेले असतात. या लेखात नेपच्यून, म्हणजे रोमन समुद्रदेव, समोर ठेवलाय. व्हीनस, डायना, अपोलो यांनाही बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

मूर्ती घरात आली की पहिले काही दिवस तिला पाणी, गोंद, रंग यातलं काहीही लावू नका. नुसती पाहा. फुटलेली मूर्ती जोडता येते, पण घासून गेलेला रंग परत येत नाही.

उचलताना

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. टेबलावर जाड टॉवेलची दुहेरी घडी अंथरा. एक हात चौथऱ्याखाली, दुसरा धडाभोवती. दंड, डोकं किंवा त्रिशूळ धरून कधीही उचलू नका. या मूर्तींचे हात वेगळ्या साच्यात काढून ओल्या मातीच्या चिकटीनं जोडलेले असतात, आणि जुना जोड नेमका तिथंच सुटतो. ती उचलून तुम्ही दुसऱ्याच्या हातात देऊ नका. टेबलावर ठेवा, मग त्याला उचलू द्या.

देव ओळखणं

फ्लोरा फाउंटनवरून रोज जाणाऱ्याला एक रोमन देवता तर ठाऊकच असते. १८६४ सालच्या त्या कारंज्यावरची फ्लोरा ही फुलांची देवी, आणि स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनीही तिला घडवलं, हातात फुलं देऊन. बाकीच्यांची ओळख अशीच हातातल्या आणि पायाशी असलेल्या वस्तूंवरून होते. डायनाच्या पाठीवर भाता असतो आणि हात बाणाकडे गेलेला असतो. अपोलोजवळ वीणेसारखं लायर, मिनर्व्हाला शिरस्त्राण आणि ढाल, ज्युपिटरपाशी गरुड, बॅकसजवळ द्राक्षं, मर्क्युरीच्या टोपीला पंख. सेरीसकडे धान्याची पेंढी असते.

नेपच्यून दाढीवाला, उघड्या अंगाचा, कमरेभोवती वस्त्र, खडकावर उभा आणि पायाशी डॉल्फिन. हा डॉल्फिन ओळखू येत नाही म्हणून बरेचजण फसतात. त्या काळच्या मूर्तिकारांचा डॉल्फिन खऱ्या डॉल्फिनसारखा नसतो. मोठं डोकं, जाड ओठ, अंगभर खवले आणि वर वळलेली शेपटी. व्हीनसच्या पायाशीही तोच प्राणी असतो, त्यामुळे नुसत्या डॉल्फिनवरून देव ठरवू नका. नेपच्यूनची एक मूठ पुढे आलेली असते आणि तिच्यात आरपार भोक असतं. त्रिशूळ त्यात बसवलेला असे, आणि दोनशे वर्षांत तो हरवलेला असणं हे अगदी नेहमीचं आहे. मुठीतलं भोक रिकामं असेल तर मूर्ती खोटी समजू नका. उलट भोकच नसेल, मूठ सपाट बुजलेली असेल, तर तिथं दुरुस्ती झालीय का ते पाहा.

माती आणि ग्लेझ

इथं वेळ द्या, कारण काळ ठरवण्याचा सगळ्यात खात्रीचा पुरावा हाच आहे. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहा. घरातल्या पिवळ्या बल्बखाली निळी झाक दिसतच नाही.

आधी ही मूर्ती पॉटरीच, म्हणजे साधी भाजलेली सच्छिद्र माती, आहे ना, पोर्सिलेन, म्हणजे चिनीमाती, नाही ना, हे ठरवा. पातळ कडेमागे, म्हणजे वस्त्राच्या टोकामागे किंवा चौथऱ्याच्या ओठामागे, मोबाइलचा टॉर्च धरा. पोर्सिलेनमधून उजेड थोडा झिरपतो, पॉटरीतून अजिबात नाही. उजेड झिरपला आणि बुडाशी तीन काळपट गोल डाग दिसले तर तुमच्या हातात बहुधा डर्बी या इंग्लिश कारखान्याची पोर्सिलेन मूर्ती आहे. ती वेगळी आणि तिचं मोल वेगळं. मूर्तीला ग्लेझ, म्हणजे मातीवरचा काचेसारखा लेप, नसेलच, अंग संगमरवरासारखं पांढरं आणि किंचित रेशमी लागत असेल, तर ते पॅरिअन, म्हणजे १८४० नंतरचं काम.

पॉटरी ठरली की ग्लेझ जिथं साचतं तिथं पाहा: वस्त्राच्या खोल चुण्या, डॉल्फिनच्या खवल्यांमधल्या खाचा, चौथरा आणि खडक मिळतात ती रेघ. साचलेलं ग्लेझ पिवळसर किंवा हिरवट दिसलं तर ते क्रीमवेअर. निळसर दिसलं तर पर्लवेअर. ग्लेझमध्ये जरासं कोबाल्ट घालून मातीचा पिवळेपणा मारायची ही रीत होती. स्टॅफर्डशायरचा नावाजलेला कुंभार जोसाया वेजवुड यानं आपलं 'पर्ल व्हाइट' १७७९ साली बाजारात आणलं, आणि त्याच सुमारास आसपासचे कुंभारही ही निळी झाक वापरत होते. म्हणून पर्लवेअरचा नेपच्यून साधारण १७८० ते १८३० या काळात बसतो. चुणीत निळाई नाही, पिवळाईही नाही, सगळीकडे सारखंच स्वच्छ पांढरं ग्लेझ आहे, अशी मूर्ती बहुधा नंतरची असते.

ग्लेझवरच्या बारीक भेगांचं जाळं नीट बघा. खऱ्या जुन्या मूर्तीत ते बारीक असतं आणि काही भागांतच असतं. नकलेत ते मुद्दाम आणलेलं असतं. भेगा रुंद, सगळ्या अंगावर एकसारख्या, आणि चहाच्या पाण्यानं रंगवल्यासारख्या तपकिरी. डोळ्याला हा तपकिरी रंग 'जुना' वाटतो, म्हणूनच तो लावतात.

बूड आणि पोट

मूर्ती टॉवेलवर आडवी करा आणि खालून टॉर्च मारा. जुन्या मूर्ती साच्यात माती बोटांनी दाबून काढत. साच्याच्या दोन अर्ध्या भागांत मातीचा पोळा दाबायचा, दोन्ही अर्धे जुळवायचे, आतून शिवणीवर मातीची वळी फिरवायची. म्हणून आतली बाजू ओबडधोबड असते, भिंतीची जाडी कमीजास्त असते, शिवणीवरून बोट फिरल्याच्या खुणा राहतात. वजनही आकाराच्या मानानं जास्त लागतं. भट्टीत आतली हवा बाहेर पडावी म्हणून ठेवलेलं भोक छोटं, काही मिलिमीटरचं असतं.

विसाव्या शतकातल्या बऱ्याच नकला पातळ माती साच्यात ओतून काढलेल्या आहेत. आत गुळगुळीत, भिंत सगळीकडे सारखी, वजन हलकं, आणि बुडाला माती ओतण्या-उपसण्याचं मोठं गोल भोक, ज्यात करंगळी सहज जाते. ही एकच खूण पाहून निकाल देऊ नका, पण हलकं वजन, मोठं भोक आणि सारख्या तपकिरी भेगा या तिन्ही एकत्र आल्या तर जुन्याचे पैसे मोजू नका.

टेप घेऊन उंची मिलिमीटरपर्यंत मोजा. ओली माती वाळताना आणि भाजताना आखडते, साधारण ८ ते १० टक्के. कुणी जुन्या मूर्तीवरूनच नवा साचा काढला तर त्यातून येणारी मूर्ती तेवढीच लहान होते. अस्सल २८ सेंटीमीटरची असेल तर नक्कल साडेपंचवीसच्या आसपास भरते, आणि नाक, बोटं, खवले बोथट होतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा संग्रह ऑनलाइन पाहता येतो, वस्तूंची मापंही तिथं दिलेली असतात. आपल्यासारखी मूर्ती सापडली तर माप ताडून पाहा.

शिक्क्याचं फार मनावर घेऊ नका. या काळातल्या बहुतेक मूर्तींवर कुंभाराचं नावच नाही. राल्फ वुडचं नाव किंवा साच्याचा आकडा मातीत दाबलेला काही मूर्तींवर मिळतो, जॉन वॉल्टनचं नाव मूर्तीच्या पाठीमागे पट्टीवर असतं. नावाअभावी मूर्ती कमअस्सल ठरत नाही. पण 'इंग्लंड' हा शब्द छापलेला असेल तर ती बहुधा १८९० नंतरची, कारण अमेरिकेनं त्या वर्षी केलेल्या जकात कायद्यानं मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर विसावं शतक धरून चाला.

चौथऱ्याला चीर दिसली की घाबरू नका. भट्टीतच पडलेल्या चिरेच्या कडा ग्लेझनं गोलसर झालेल्या असतात, नखाला टोचत नाहीत. ती जन्मखूण आहे, दोष नाही. नंतर पडलेल्या चिरेची कड धारदार असते आणि आत मळाची काळी रेघ धरते. टिचकी मारून आवाज ऐका. अखंड मूर्ती खणखणीत वाजते, तडकलेली बद्द वाजते.

आधीची दुरुस्ती शोधणं

दोनशे वर्षांची, हात पसरलेली, मातीची मूर्ती एकदाही मोडली नाही असं क्वचितच होतं. मान, मनगटं, त्रिशूळ धरलेला हात, डॉल्फिनची शेपटी, घोट्यापाशी पाय, या जागा आधी तपासा. दुरुस्ती असणं वाईट नाही. ती न कळता पैसे मोजणं आणि न कळता पाणी लावणं, ही दोन्ही महागात पडतात.

३६५ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च लॅमिंग्टन रोडवर मिळतो. खोलीत पूर्ण अंधार करून, जांभळा उजेड डोळ्यांत जाऊ न देता, मूर्तीवर फिरवा. मूळ ग्लेझ सगळीकडे एकाच तऱ्हेनं दिसतं. नंतर लावलेला रंग ठिगळासारखा वेगळा उठतो. लाख-चपड्याचा जोड नारिंगी उजळतो, इपॉक्सी, म्हणजे ॲराल्डाइटसारखा गोंद, बहुधा निळसर पांढरं. टॉर्च नसेल तर गाल लावून पाहा: ग्लेझ गार लागतं, वरून मारलेला रंग आणि वॉर्निश त्यामानानं कोमट. छोटं लोहचुंबकही फिरवा. मानेत किंवा घोट्यात लोखंडी खिळा घातलेला असेल तर ते ओढ घेतं. लोखंड पावसाळी हवेत गंजून फुगतं आणि आतून माती फोडतं, म्हणून असा खिळा सापडला तर तो तसाच सोडू नका, जाणकाराला दाखवा.

रंगांचं असं आहे. ग्लेझखालचे रंग, म्हणजे मातकट पिवळा, निळा, हिरवा, तपकिरी, नखाला लागत नाहीत आणि सहसा जातही नाहीत. ग्लेझवरचे इनॅमल रंग, विशेषतः लाल, काळा, गुलाबी आणि सोन्याची रेघ, पृष्ठभागावर बसलेले असतात. उजेड तिरपा पाडला की त्यांचा उंचवटा दिसतो. खरी झीज उंच भागांवर असते: नाक, गुडघा, बोटांची पेरं. खोल चुणीतला रंग झिजलाय आणि गुडघ्यावरचा शाबूत, असं असेल तर ती झीज कुणीतरी केलेली आहे.

सफाई

आपल्या घरांत पितळेला चिंच, तांब्याला लिंबू आणि कशालाही पितांबरी. देवघरासाठी ते ठीक, पण या मूर्तीला यातलं काहीही लावू नका. हे ग्लेझ शिशाचं आहे. आम्ल त्याला खातं आणि चकाकी कायमची मंद होते. व्हिनेगर, सोड्याची पेस्ट, तारेची घासणी, टूथपेस्ट हेही बाद. ब्लीचिंगचं पाणी तर सगळ्यात घातक. ते भेगांतून आत शिरतं, क्षार मातीत राहतात, आणि हवा दमट-कोरडी होत राहिली की ते क्षार स्फटिक होऊन ग्लेझ सोलून काढतात.

मूर्ती बुडवायचीही नाही. खालची माती सच्छिद्र आहे. पाणी बुडातून आणि भेगांतून आत जातं, वरचा मळ सोबत नेतं, आणि वाळताना तोच मळ तपकिरी डाग होऊन वर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आतलं पाणी वाळायला तर फार वेळ लागतो.

करायचं ते असं. आधी मऊ, कोरड्या ब्रशनं वरून खाली धूळ झाडा. जलरंगाचा मोठा ब्रश चालतो. ब्रशच्या धातूच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे चुकून ओरखडा जाणार नाही. कितीतरी मूर्तींना एवढंच पुरतं.

मग चाचणी. कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, टिपून, मूर्तीच्या मागच्या बाजूला प्रत्येक रंगावर वेगळी काडी फिरवा. काडीवर रंग आला तर थांबा. तो रंग एकतर नंतरचा आहे किंवा मूळ इनॅमल उचललं जातंय, आणि दोन्ही बाबतींत पाणी लावायचं नाही. रंग आला नाही तर ५०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य, रंग-वास नसलेल्या डिटर्जंटचे दोन थेंब घाला. बुडाच्या भोकात कापसाचा बोळा बसवा. काडी ओलसर करा, निथळती नको. घासू नका, लाटण्यासारखी लाटत न्या, आणि दोन-तीन वेळा फिरवली की फेकून नवी घ्या. एका वेळी सुपारीएवढा भाग. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या काडीनं पुसा, सुती कापडानं टिपा, मग पुढे सरका. डॉल्फिनच्या तोंडात आणि खवल्यांत मळ घट्ट बसतो. तिथं काडीऐवजी लाकडी टूथपिकच्या टोकाला कापसाचा धागा गुंडाळा.

रस्त्याला लागून घर असेल तर काजळी आणि स्वयंपाकघराची वाफ मिळून एक चिकट करडा थर बसतो, तो पाण्यानं हलत नाही. त्यासाठी डिनेचर्ड स्पिरिट आणि डिस्टिल्ड पाणी समभाग. पण स्पिरिट चपड्याचा जोड विरघळवतं, त्यामुळे नारिंगी उजळलेल्या जागांच्या आसपास नाही, आणि सोन्याच्या रेघेवर तर अजिबात नाही. नंतर मूर्ती टॉवेलवर आडवी ठेवून मंद पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या. ऊन नको, हेअर ड्रायर नको.

दिवाळीच्या झाडलोटीत ही मूर्ती घेऊ नका. तिची सफाई वर्षातून एकदा, वेगळ्या दिवशी, घाई नसताना. अधूनमधून नुसता ब्रश.

फुटली तर

तुकडे लगेच जुळवून बघायचा मोह आवरा. दोन कडा एकमेकींवर घासल्या की बारीक कण झडतात आणि जोड कायमचा उघडा राहतो. सगळे तुकडे, अगदी चुरासुद्धा, टिश्यूत वेगवेगळे गुंडाळून डब्यात ठेवा. खाली झाडू मारू नका. ओल्या कापसानं जमीन टिपली की तांदळाएवढे तुकडेही सापडतात.

घरातला कुठला गोंद चालणार नाही, तेही सांगतो. फेव्हिकॉल दमट हवेत मऊ पडतो आणि जोड हळूहळू सरकतो. फेविक्विक इतक्या लवकर धरतं की अर्धा मिलिमीटर चुकला तर सुधारायला वेळच मिळत नाही. ॲराल्डाइट घट्ट बसतं खरं, पण पिवळं पडतं आणि परत सोडवणं जिकिरीचं होतं. एम-सीलबद्दलही तेच. जुन्या मातीला असाच गोंद हवा जो उद्या कुणाला सोडवता येईल. संग्रहालयांत यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाचं ॲक्रिलिक वापरतात. ते पारदर्शक दाण्यांत येतं आणि ॲसिटोनमध्ये विरघळतं. ॲसिटोन प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांत शुद्ध स्वरूपात घ्या. नेलपेंट रिमूव्हरमध्ये तेल, रंग, सुगंध असतो, ते चालत नाही.

ॲसिटोन भडकन पेटतं. गॅस, उदबत्ती, देवघरातली समई सगळं बंद. खिडकी उघडी, हातात नायट्राइल हातमोजे.

गोंदासाठी दाणे २० ग्रॅम आणि ॲसिटोन २० ग्रॅम, म्हणजे सुमारे २५ मिलिलिटर. दाणे तळाशी टाकले तर त्यांचा एकच गोळा होतो. म्हणून मलमलच्या कापडात सैल पुरचुंडी बांधून काचेच्या बरणीत ॲसिटोनच्या वरच्या थरात लटकवा, झाकण लावा, रात्रभर ठेवा. सकाळी मधासारखा दाट द्राव तयार असतो. दुसऱ्या छोट्या बाटलीत १ ग्रॅम दाणे १९ ग्रॅम ॲसिटोनमध्ये विरघळवा. हा पातळ द्राव कडांसाठी.

तुटलेल्या कडा ब्रशनं स्वच्छ करा. जुना गोंद असेल तर आधी तो काढायचा. पांढरा, रबरासारखा असेल तर कोमट पाण्याचा कापूस. तपकिरी आणि पाण्यात फुगणारा असेल तर तो सरस, त्यालाही कोमट पाणीच. गडद, ठिसूळ, नारिंगी उजळणारा चपडा स्पिरिटनं सुटतो. भिजलेला कापूस जोडावर ठेवून वर क्लिंग फिल्म गुंडाळा, अर्ध्या तासानं पाहा, नाही सुटला तर पुन्हा ठेवा. ओढून काढायचं नाही. पिवळं, काचेसारखं इपॉक्सी असेल तर घरी हात घालू नका. ते उकलणारी रसायनं घरच्या खोलीत वापरण्याजोगी नाहीत.

कडा कोरड्या झाल्या की गोंदाशिवाय एकदा पूर्ण रंगीत तालीम करा. तुकड्यांना चिकटपट्टीवर आकडे द्या आणि कुठला आधी, कुठला नंतर ते ठरवा. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा आत बसतच नाही, आणि हे गोंद लावल्यावर कळून उपयोग नसतो. मग सगळ्या कडांना पातळ द्रावाचा एक हात देऊन एक दिवस वाळवा. हा हात दिला नाही तर सच्छिद्र माती दाट गोंद शोषून घेते आणि जोड उपाशी राहतो.

जोडताना एकाच कडेवर, मध्यभागी, बारीक रेघ. दाबा, किंचित हलवून बसवा, ओघळलेला गोंद तसाच राहू द्या. तो वाळल्यावर ॲसिटोनच्या काडीनं निघतो. जोडाला आडव्या चिकटपट्ट्या लावा, पण सोनं आणि सैल इनॅमल टाळून. पातेल्यात कोरडी, स्वच्छ वाळू भरून, वर क्लिंग फिल्म पसरून, तुकडा त्यात असा रोवा की जोडलेला भाग स्वतःच्या वजनानं सरळ खाली बसेल. एका वेळी एकच जोड. अर्ध्या तासात धरतो, पण पूर्ण ताकद यायला आठवडा द्या.

मुंबईत यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली पावसाळ्यात. ॲसिटोन इतकं झपाट्यानं उडतं की पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि गोंद दुधाळ, कमजोर होतो. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा, नाहीतर एसी ड्राय मोडवर दोन तास चालवून मग. दुसरी उन्हाळ्यात. हा गोंद ४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतो. मे महिन्यात बंद गाडीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत मूर्ती राहिली तर हात हळूच खाली झुकतो. म्हणून हाताचा, शेपटीचा, बोटाचा जोड घरी करायला हरकत नाही. घोटे आणि मान, जिथं सगळं वजन येतं, ती जाणकाराकडे न्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथं आधी चौकशी करणं उत्तम.

उडालेल्या टवक्याची भर बारीक प्लास्टरनं करा, आधी कडेला पातळ द्राव देऊन. रंग ॲक्रिलिकचा आणि फक्त भरीवर, मूळ ग्लेझवर एक टिंबही न जाऊ देता. वाळलेली भर घासताना कागद ग्लेझला लागू देऊ नका. ग्लेझही जाईल आणि शिशाची धूळही नाकात जाईल.

हरवलेला त्रिशूळ करावा का? आमच्या मते करावा, पण काढता येईल असा. पितळेच्या तारेचा करा, मुठीच्या भोकापेक्षा बारीक, आणि तारेला टिश्यूचे दोन वेढे देऊन नुसता सरकवून बसवा. गोंद नको. घट्ट बसवायला जोर लावला तर बोटं फुटतात. मातीचा नवा हात किंवा नवं डोकं मात्र घरी करू नये.

ठेवण्याची जागा

बंद काचेचं कपाट, भिंतीला स्क्रूनं बांधलेलं, खालचा किंवा मधला कप्पा. रेल्वेलाइन किंवा मेट्रोच्या कामाजवळच्या घरांत काचेच्या फळीवर मूर्ती रोज केसाएवढी सरकते आणि एक दिवस कडेला येते. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांखाली मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचे वाटाण्याएवढे ठिपके द्या, पण ग्लेझ असलेल्या जागीच. कोऱ्या मातीत मेण मुरतं, म्हणून तिथं आधी पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा. फोम रबर वापरू नका, तो काही वर्षांत चिकट होऊन मूर्तीला डसतो. कपाटात हॅलोजनचा दिवा नको. वापरात नसलेली मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. पांढरा, आम्लरहित टिश्यू आणि पॉलिथिन फोम वापरा, आणि मूर्ती खोक्यात आडवी न ठेवता उभी.

घेताना आणि पाठवताना

चोर बाजारातली दुकानं शुक्रवारी बंद असतात, म्हणून इतर दिवशी, सकाळच्या उजेडात जा. टेप, दहापटीचं भिंग, दोन्ही टॉर्च, चुंबक आणि दोन-चार कापसाच्या काड्या खिशात असू द्या. मूर्ती दुकानाबाहेर उजेडात पाहू द्यायला सांगा. बिलावर मूर्तीचं नाव, उंची, अंदाजे काळ आणि दिसणारी प्रत्येक दुरुस्ती लिहून घ्या, आणि त्याच दिवशी बुडासह सहा बाजूंनी फोटो काढा.

परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून बॅगेत घालायचा विचार असेल तर आधी कायदा पाहा. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा शंभर वर्षांहून जुन्या कलाकृतीला पुरावशेष मानतो, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मूर्ती इंग्लंडमध्ये घडली म्हणून त्यातून सुटत नाही. मूर्ती नंतरची नक्कल आहे अशी तुमची खात्री असली तरी विमानतळावर ते तोंडी सांगून भागत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करून, मूर्ती दाखवून, ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, आणि त्याची मूळ प्रत मूर्तीसोबत हातातल्या सामानात ठेवा.